अवयवदान : पात्रता ठरते कुठे?

अवयवदानाचा संकल्प नोंदवायला बसलेल्या माणसाच्या मनात पहिली शंका येते ती स्वतःच्या पात्रतेची. साठी उलटली आहे, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. अशा देहातले अवयव कोणाच्या उपयोगी पडणार, असे त्याला वाटते आणि अर्ज अर्धवट राहतो. वस्तुतः दात्याची पात्रता अर्ज भरताना ठरतच नाही. ती ठरते अतिदक्षता विभागात, मृत्यूच्या निदानाभोवतीच्या मोजक्या तासांत. किंवा दाता जिवंत असेल तर रुग्णालयाच्या अथवा शासनाच्या समितीसमोर. या दोन ठिकाणी विचारले जाणारे प्रश्न पूर्णपणे वेगळे आहेत. पहिल्या ठिकाणी प्रश्न असतो, हा माणूस खरोखर मृत आहे का? दुसऱ्या ठिकाणी प्रश्न असतो, हा माणूस खरोखर राजी आहे का? भारतात पहिला प्रश्न पुरेशा वेळा विचारलाच जात नाही आणि त्याचा सारा भार दुसऱ्या प्रश्नावर येऊन पडतो, हे आजच्या परिस्थितीचे खरे दुखणे आहे.

आकडे हेच सांगतात. २०१३ मध्ये देशात ४,९९० अवयव प्रत्यारोपणे झाली होती. २०२३ मध्ये ही संख्या १८,३७८ वर आणि २०२४ मध्ये १८,९११ वर पोहोचली. वाढ निश्चितच लक्षणीय आहे. मात्र २०२३ मध्ये जिवंत दात्यांची संख्या १५,४३६ होती, तर मृत्यूनंतर अवयवदान करणारे देशभरात अवघे १,०९९ होते. २०२४ मध्ये ते १,१२८ झाले. दर दहा लाख लोकसंख्येमागे एक मृत दाता, एवढेही हे प्रमाण भरत नाही. स्पेनमध्ये तेच प्रमाण पन्नासच्या आसपास आहे. दुसरीकडे, २०२२ या एका वर्षात भारतात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्ते अपघातांत दगावली. त्यातील अनेकांचा मृत्यू घटनास्थळीच होतो, हे खरे. तरीही डोक्याला जबर मार बसून अतिदक्षता विभागात अखेरचा श्वास यंत्रावर घेणाऱ्यांची संख्या लहान नाही. मग संभाव्य दाते जातात कुठे?

मृत्यूचा निर्णय

हृदय थांबले की माणूस गेला, ही मृत्यूची पिढ्यान्‌पिढ्यांची व्याख्या. कृत्रिम श्वसनयंत्राने ती अपुरी ठरवली. मेंदूचे कार्य कायमचे थांबल्यानंतरही यंत्राच्या साह्याने फुप्फुसे हलत राहतात, हृदय काही काळ धडधडत राहते. १९६८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष मांडले आणि जगभर या प्रश्नाची चर्चा सुरू झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया केली. त्या वेळी मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा भारतात नव्हता. तो येण्यास आणखी २६ वर्षे लागली.

आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय. त्यामुळे महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यानंतर संसदेने १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संमत केला. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो या राज्यांत लागू झाला. या कायद्याने दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली आणि मेंदूस्तंभाचा मृत्यू म्हणजे माणसाचा मृत्यू, असे मान्य केले. मेंदूस्तंभ म्हणजे मेंदूचा पाठीच्या कण्याला जोडणारा देठासारखा भाग. श्वास घेण्याची प्रेरणा आणि शुद्धीवर राहण्याची क्षमता यांचे केंद्र तेथे असते. तो भाग कायमचा निकामी झाला की परतीची वाट उरत नाही. कोमात गेलेला रुग्ण शुद्धीवर येऊ शकतो. मेंदूमृत व्यक्ती येऊ शकत नाही. हा फरक नातेवाइकांना समजावून सांगणे ही या प्रक्रियेतील सर्वांत अवघड पायरी होय.

निदानाची पद्धत कायद्याने काटेकोर ठेवली आहे. एकटा डॉक्टर मेंदूमृत्यू जाहीर करू शकत नाही. रुग्णालयाचे प्रमुख, मान्यताप्राप्त यादीतील स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदू शल्यविशारद आणि उपचार करणारे डॉक्टर अशा चौघांचे मंडळ त्यासाठी लागते. मेंदूविकारतज्ज्ञ उपलब्ध नसल्यास शल्यविशारद किंवा फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ यांना नेमण्याची मुभा २०११ च्या दुरुस्तीने दिली. लहान शहरांतील रुग्णालयांची अडचण ध्यानात घेऊन केलेला हा बदल होता. ज्यांच्या हातून प्रत्यारोपण व्हायचे आहे, त्या चमूतील कोणीही या मंडळावर असू शकत नाही.

तपासणीपूर्वी काही शक्यता वगळाव्या लागतात. रुग्णाला गुंगीची औषधे दिलेली नाहीत ना, शरीराचे तापमान फार खाली गेलेले नाही ना, विषबाधा किंवा चयापचयातील बिघाड यामुळे तर तो निश्चेष्ट नाही ना, हे पाहिले जाते. मग डोळ्यांवर प्रकाश टाकून बाहुल्या आकुंचन पावतात का, बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी मिटते का, कानात थंड पाणी सोडल्यावर डोळे हलतात का, घशातील नळी हलवल्यावर ठसका लागतो का, अशा चाचण्या होतात. शेवटची चाचणी श्वासाची. प्राणवायूचा पुरवठा चालू ठेवून श्वसनयंत्र काही मिनिटे दूर केले जाते. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढला की जिवंत मेंदूस्तंभ श्वासाची आज्ञा दिल्यावाचून राहत नाही. ती आज्ञा आली नाही, तर निदान पक्के होते. एवढ्यावरही काम संपत नाही. किमान सहा तासांनंतर या सर्व चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. इतकी दुहेरी खातरजमा वैद्यकातील फार थोड्या निदानांच्या वाट्याला येते.

वय आणि आजार

मेंदूमृत्यू सिद्ध झाल्यानंतरच अवयव उपयोगी आहेत का, हा प्रश्न येतो. कायद्यात मृत दात्यासाठी वयाची कमाल मर्यादा नाही. शरीरभर पसरलेला कर्करोग, आटोक्यात न येणारा जंतुसंसर्ग, रेबीजसारखे आजार असतील तर दान शक्य नसते. एरवी प्रत्येक अवयवाचा स्वतंत्र विचार होतो. दीर्घकाळच्या मधुमेहाने मूत्रपिंडे खराब झाली असतील, तरी यकृत चांगले असू शकते. सत्तरीतील व्यक्तीचे हृदय घेता आले नाही, तरी यकृताचा विचार होतो. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांपैकी काहीही नेत्रदानाच्या आड येत नाही. नेत्रदानासाठी तर मेंदूमृत्यूचीही अट नाही. घरी नैसर्गिक मृत्यू आल्यावर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवले, तरी ते होऊ शकते. शेवटचा निर्णय तपासण्या पाहून प्रत्यारोपण करणारे डॉक्टर घेतात. दात्याने स्वतःला आधीच अपात्र ठरवण्याचे कारण नाही.

अपघाताच्या प्रकरणांत शवविच्छेदन आणि पोलिसांची परवानगी हा आणखी एक अडथळा असे. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करायचे नाही, हा जुना दंडक नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने बदलला आणि अवयवदानाच्या प्रकरणांत ते रात्रीही करण्यास मुभा दिली. काढल्यानंतर हृदय जेमतेम चार तास टिकते, हे लक्षात घेतले तर या बदलाचे महत्त्व कळते.

न विचारला जाणारा प्रश्न

नियम एवढे स्पष्ट असताना मृत दात्यांची संख्या हजाराच्या घरात का अडकली आहे? दोष नेहमी नातेवाइकांच्या नकाराला दिला जातो. नकार असतो, देहाची विटंबना होईल, अंत्यसंस्काराला उशीर होईल, पुढच्या जन्मी तो अवयव मिळणार नाही, या भीती अजून गेलेल्या नाहीत. परंतु नकार देण्यासाठी आधी कोणीतरी विचारावे लागते. अनेक रुग्णालयांत मेंदूमृत्यूच्या चाचण्याच होत नाहीत. रुग्ण यंत्रावर राहतो, एक-दोन दिवसांत हृदय थांबते आणि तेव्हा मृत्यूची नोंद होते. अवयवदानाची शक्यता तोवर निघून गेलेली असते.

याचे मूळ कायद्याच्या रचनेत आहे. मेंदूमृत्यूची व्याख्या प्रत्यारोपणाच्या कायद्यात आली. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात तिचा उल्लेख नाही. परिणामी मेंदूमृत्यू ही अवयवदानापुरती गोष्ट आहे, असा समज डॉक्टरांमध्येही रुजला. कुटुंब तयार असेल तरच चाचण्या करायच्या आणि नकार मिळाला तर यंत्र चालू ठेवायचे, अशी पद्धत त्यातून पडली. तुमचा माणूस गेला आहे, असे ज्या कुटुंबाला सांगितले, त्याच कुटुंबाने नकार दिल्यावर त्याच माणसावर उपचार चालू राहतात आणि देयक वाढत जाते. अशा वेळी नातेवाइकांनी डॉक्टरांच्या शब्दावर विश्वास कसा ठेवावा? माणूस मृत आहे की नाही, हे अवयवदानाच्या होकारावर अवलंबून असू शकत नाही. हे सूत्र जोवर व्यवहारात उतरत नाही, तोवर अवयव मिळवण्यासाठी घाईने मृत ठरवतात, हा संशय पुसला जाणार नाही.

काही राज्यांनी हे ओळखले. २००८ मध्ये तमिळनाडूत अपघातात मेंदूमृत झालेल्या एका किशोरवयीन मुलाच्या डॉक्टर आई-वडिलांनी त्याचे अवयव दान केले. त्या घटनेने राज्यात जागृतीची लाट आली, शासनाने आदेश काढून मेंदूमृत्यूच्या नोंदीची आणि अवयववाटपाची शिस्त लावली आणि तमिळनाडू या क्षेत्रात आघाडीवर गेले. केरळने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून मेंदूमृत्यूचे निदान अवयवदानापासून वेगळे केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका याचिकेवर निर्णय देताना देशभर एकसमान धोरण आखण्यास केंद्राला सांगितले. मृत्यूच्या नोंदीच्या नमुन्यात मेंदूमृत्यूचा आणि कुटुंबाला अवयवदानाचा पर्याय दिला होता की नाही याचा स्पष्ट उल्लेख असावा, असेही न्यायालयाने सुचवले. वरवर ही एका रकान्याची भर वाटते. प्रत्यक्षात प्रश्न विचारला गेला का, याचा हिशेब प्रथमच कागदावर येऊ शकेल.

असा प्रश्न विचारणे हे कर्तव्य आहे, असे २०११ च्या दुरुस्तीने आधीच सांगितले आहे. अतिदक्षता विभागातील संभाव्य दात्याच्या नातेवाइकांना प्रत्यारोपण समन्वयकाच्या साह्याने या पर्यायाची माहिती देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. प्रत्यारोपण न करणाऱ्या, पण अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयांनाही अवयव काढण्याचे केंद्र म्हणून नोंदणी करता येते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या आहेत आणि केईएम रुग्णालयात प्रादेशिक व राज्यस्तरीय केंद्र आहे. यंत्रणेचा सांगाडा उभा आहे. उणीव आहे ती रुग्णशय्येपाशी होणाऱ्या निदानाची.

नात्याचा दाखला

मृत दाते मिळत नाहीत, तेव्हा डायलिसिसवर असलेला रुग्ण घरातल्या माणसांकडे पाहतो. येथे दुसरी पात्रता सुरू होते. जिवंत दाता किमान १८ वर्षांचा, सुदृढ आणि मनाने सक्षम असावा लागतो. मूत्रपिंडे, रक्तदाब, साखर, हृदय यांच्या तपासण्या होतात, रक्तगट आणि पेशी जुळतात का ते पाहिले जाते, मानसोपचारतज्ज्ञाचे मत घेतले जाते. निकट नातेवाइकांच्या यादीत पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण आणि २०११ पासून आजी-आजोबा व नातवंडे येतात. सून, जावई, मेहुणा, मामा, चुलतभाऊ या यादीत नाहीत. त्यांनी किंवा मित्राने दान करायचे ठरवले, तर ते केवळ आपुलकीपोटी आहे, हे प्राधिकार समितीला पटवून द्यावे लागते.

या समितीची तपासणी कसून होते. दोघांची ओळख कशी, दान करण्याचे कारण काय, मध्यस्थ आहे का, मागील तीन आर्थिक वर्षांचे उत्पन्न किती, हे सारे पाहिले जाते. दाता गरीब आणि रुग्ण श्रीमंत असेल तर संशय अधिक. खरेदी-विक्री सिद्ध झाल्यास दहा वर्षांपर्यंत कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंडाची तरतूद आहे. ही कठोरता अकारण नाही. कायद्यापूर्वी मुंबई-चेन्नईसारख्या शहरांत मूत्रपिंडांचा बाजार उघडपणे चालत असे.

परक्यासाठी एवढा कठोर असलेला कायदा नात्याच्या उंबरठ्याआत मात्र मऊ होतो. निकट नातेवाईक असल्याचे कागद पुरेसे ठरले की रुग्णालयाच्या पातळीवरच परवानगी मिळू शकते. याचा फायदा दलालांनी घेतला. २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये पुण्यात, पैशांसाठी मूत्रपिंड देणाऱ्या स्त्रीला बनावट कागदपत्रांच्या आधारे रुग्णाची पत्नी म्हणून उभे केल्याची प्रकरणे उघडकीस आली. दोन्हीकडे चकवण्यासाठी निवडले गेले ते पत्नीचेच नाते, हा योगायोग नव्हे. पत्नीने पतीसाठी मूत्रपिंड देणे समाजाला इतके स्वाभाविक वाटते की त्यावर प्रश्न विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही.

खऱ्या पत्नीच्या बाबतीतही हा प्रश्न उरतोच. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांतील ५६,५०९ जिवंत दात्यांपैकी ३६,०३८ स्त्रिया होत्या. अवयव मिळालेल्यांत मात्र स्त्रियांचा वाटा सुमारे तीस टक्के होता. या विषमतेची काही वैद्यकीय कारणे आहेत. उच्च रक्तदाबामुळे पुरुष दाते बाद होण्याचे प्रमाण अधिक असते. गर्भारपणात स्त्रीच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांमुळे पतीचा अवयव तिला न जुळण्याची शक्यता वाढते. पण एवढ्याने पूर्ण खुलासा होत नाही. कमावत्याला वाचवायचे आणि घर सांभाळणारीने द्यायचे, हा हिशेब अनेक घरांत न बोलताच ठरलेला असतो. त्यात माया असते, तसेच दडपणही असते, आणि दोन्ही वेगळे करणे त्या स्त्रीलाही नेहमी जमत नाही.

२०१४ च्या नियमांना याची जाणीव आहे. दाता स्त्री असेल तर अधिक दक्षता घ्यावी आणि तिची ओळख व स्वतंत्र संमती यांची खातरजमा रुग्णाखेरीज अन्य व्यक्तीकडून करून घ्यावी, असे त्यांत म्हटले आहे. पण ती अन्य व्यक्ती सासरची असेल, तर नियमाचे शब्द पाळले जातात आणि हेतू हरवतो. नात्याचा दाखला रक्ताच्या चाचणीने किंवा विवाहाच्या नोंदीने मिळतो. संमतीसाठी असा दाखला नाही. ती एकांतात, वेळ देऊन आणि नकार दिल्यास तो घरच्यांपासून गुप्त राहील या हमीनेच जाणून घ्यावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेने प्रतीक्षायादीतील स्त्रियांना आणि मृत दात्यांच्या निकट नातेवाइकांना प्राधान्य देण्याची सूचना केली. घेणाऱ्यांच्या रांगेतील अन्याय त्यामुळे थोडा कमी होईल. देणाऱ्यांच्या बाजूचा प्रश्न तसाच राहतो.

दोन्ही प्रश्न एकच

मृत आणि जिवंत दात्यांचे प्रश्न वेगळे मानून त्यांवर उपाय शोधणे त्यामुळेच चुकीचे ठरेल. अतिदक्षता विभागात न झालेले प्रत्येक निदान कोणा एका आईला, बहिणीला किंवा पत्नीला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत आणू शकते. एक मेंदूमृत दाता दोन मूत्रपिंडे देतो, म्हणजे दोन निरोगी माणसांवरची शस्त्रक्रिया टळू शकते. यकृत, हृदय, फुप्फुसे यांचा लाभ वेगळाच. मेंदूमृत्यूचे निदान आणि नोंद हे प्रत्येक अतिदक्षता विभागाचे, कुटुंबाचा होकार असो वा नसो, नेहमीचे कर्तव्य झाले पाहिजे. त्याची आकडेवारी रुग्णालयनिहाय जाहीर झाली पाहिजे. आणि जिवंत दात्याच्या संमतीची तपासणी, तो परका असो वा घरचा, तितक्याच गांभीर्याने झाली पाहिजे.

राहिला प्रश्न अर्जापाशी अडलेल्या माणसाचा. मृत्यूपूर्वी साक्षीदारांसमक्ष दिलेल्या लेखी संमतीला कायद्याने वजन दिले आहे, २०२३ पासून आधार क्रमांकाच्या साह्याने हा संकल्प संगणकावर नोंदवताही येतो. तरीही प्रत्यक्षात रुग्णालये जवळच्या नातेवाइकांच्या संमतीवाचून पुढे जात नाहीत. म्हणून त्याने आपल्या वयाची आणि मधुमेहाची चिंता डॉक्टरांवर सोपवावी आणि आपली इच्छा घरात स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी. ज्या रात्री हा प्रश्न येईल त्या रात्री उत्तर द्यायला तो नसेल. घरच्यांना त्याचे उत्तर ठाऊक असले, तर त्यांच्यावरचा निर्णयाचा भार बराच हलका होईल.